गोळ्या संपल्या, मग ताट वेगळं का?

"ताई, मी ६३ वर्षांची. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहते. गळ्यात माळ आहे. मालक गेले त्या दिवसांतही माझा हरिपाठ चुकला नव्हता. गेल्या ऑगस्टमध्ये मला फुप्फुसाचा क्षय निघाला. घरात लहान पोर, म्हणून मी आपणहून मागच्या खोलीत राहायला गेले. भजनी मंडळातल्या बायकांनी पाठ फिरवली, एकजण दारापर्यंत आली नाही. सकाळी गोळ्या हातात घेतल्या की मळमळायचं. 'देवाचिये द्वारीं' म्हणत एकेक गिळली. त्या खोलीत पांडुरंगाशिवाय मला कोणी नव्हतं, त्यानंच तारलं. फेब्रुवारीत गोळ्या संपल्या, डॉक्टर म्हणाले आता काही नाही, ताट-वाटी मात्र मी वेगळीच ठेवते. त्रास वेगळाच आहे. संध्याकाळी दार लावून हरिपाठाला बसले की चार वर्षांचा नातू दारावर थापा मारतो आणि सून त्याला आवरत नाही. ताट दाराशी ठेवून जाते, आत पाऊल टाकत नाही. माझ्या उपासनेची तिला किंमत नाही. तिला कसं समजावू?"

माउली,

सुनेचं राहू द्या. तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईघाईनं लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. गोळ्या फेब्रुवारीत संपल्या, डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगितलं, आणि ताट-वाटी तुम्ही अजून वेगळी ठेवता. कोणी ठेवायला लावलं असं तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही ठेवता.

मग ताटाचंच बोलू. क्षय ताटा-वाटीतून पसरतच नाही. फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून, शिंकेतून, बोलण्यातून हवेत जातो आणि कोंदट जागेत तिथंच रेंगाळतो. म्हणून तर खिडक्या उघड्या ठेवा, ऊन-वारा येऊ द्या, खोकताना तोंडावर रुमाल धरा, असं सांगतात. नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा क्षय असला, तर औषध नीट सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याची भीती खूप उतरते. तुम्ही तर सगळा कोर्स पुरा केलात, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. म्हणजे ताट पहिल्या दिवशीही वेगळं काढायची गरज नव्हती, आणि आज खोलीही वेगळी नको. आता दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचं, पहिली येत्या ऑगस्टमध्ये. मधेच खोकला धरला, वजन उतरलं किंवा संध्याकाळी अंग तापायला लागलं, तर ऑगस्टची वाट बघायची नाही. दवाखान्याशी तुमचा संबंध उरला तो एवढाच.

आता तुमच्या हरिपाठाकडे येते, कारण त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. क्षयाचे जंतू गोळ्यांनी मेले, हे तुम्हालाही माहीत आहे. पण त्या गोळ्या सहा महिने रोज पोटात जाणं ही साधी गोष्ट नव्हे. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर थोडं मांस चढतं, आणि माणूस म्हणतो, झालो की बरा, कशाला आता ही मळमळ? लघवी केशरी झाली म्हणून घाबरून कोणी सोडतं. असं अर्ध्यात सोडलं की आजार उलटतो आणि पुन्हा त्याच औषधांना दाद देईलच याची खात्री राहत नाही. तुमच्या बाबतीत हे झालं नाही, कारण एक गोळी, एक चरण असं तुम्ही बांधून घेतलं होतं. मागच्या खोलीत दिवस आणि रात्र सारखीच होते, कोणी बोलायला नाही, मन नको तिथं भरकटतं. त्या खोलीत तुमच्या दिवसाला सकाळ होती ती गोळ्यांबरोबरच्या अभंगाची, आणि संध्याकाळ होती ती हरिपाठाची. सगळे अभंग रोज, ऐकायला कोणी नसताना, दम लागत असताना. माउली, ही निष्ठा आहे, आणि मी तिला हात जोडते. पांडुरंगानं तारलं असं तुम्ही म्हणता, त्यात मी एक अक्षर बदलणार नाही.

म्हणूनच आज मला तुमचा राग येतो.

तुम्ही माळकरी आहात, तुम्हाला २०२० सालची आषाढी आठवत असेल. आळंदीहून आणि देहूहून माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. सोबत मोजकी माणसं. वाटेवरची गावं सुनी, रिंगण नाही, दिंड्या नाहीत. लाखो वारकऱ्यांनी ती वारी घरी बसून केली. कोणी अंगणात तुळशीला प्रदक्षिणा घातल्या, कोणी फोनवर लेकीला हरिपाठ ऐकवला. पुढच्या वर्षी, २०२१ ला, पुन्हा एसटीच. दोन वर्षं माणसं घरातल्या घरात नाम घेत राहिली आणि त्यावरच तगली. मग २०२२ आलं आणि पालख्या पायी निघाल्या. तेव्हा एखादा वारकरी म्हणाला का, की मला आता घरचीच वारी गोड लागते, मी काही वाटेवर येत नाही? चिखल तुडवत, पावसात भिजत, माणसंच माणसं झाली. घरात बसून घेतलेलं नाम खोटं होतं म्हणून ती गेली नाहीत. त्या नामानंच त्यांना त्या दिवसापर्यंत धरून ठेवलं होतं. तुमचं २०२२ फेब्रुवारीतच आलं. तुम्ही अजून एसटीतच बसून आहात.

आणि ताट! वारी संपते कशानं? पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यानं. लाह्या-दही कालवायचं आणि ओळख असो-नसो, शेजारच्याच्या तोंडात घास घालायचा. त्याच्या हातचा आपण खायचा. कोण कुठल्या गावचा, कोणाच्या हाताला काय लागलंय, कोणी बघत नाही. हा काला तुम्ही कितीदा तरी खाल्ला असेल. तो खाल्लेली बाई स्वतःच्या घरात, बरी झाल्यावर, डॉक्टर नको म्हणत असताना, ताट वेगळं मांडते, हे मला समजून घ्यायला फार जड गेलं.

समजलं ते असं. तुम्ही दुखावल्या आहात. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर टाळ धरला, त्या बायकांपैकी एक आली नाही. त्यांचं चुकलं. क्षय झालेल्या माणसाला आपल्याकडे असंच वाळीत टाकतात, आणि त्याची लाज त्यांना वाटायला हवी होती, ती तुम्ही अंगावर घेतलीत. पण त्या बायकांना तुम्ही काहीच बोलला नाहीत. बोलताय ते त्या ताटातून, आणि ऐकावं लागतंय ते सुनेला. दिवसातून दोन वेळा ती तुमचं वेगळं ताट वाढते, वेगळं घासते, वेगळं पालथं घालते. मी या घरात वेगळी आहे, हे त्या ताटानं तिला दोन्ही वेळा सांगितलं जातं. तिनं आत पाऊल टाकावं कसं? खोलीत तुम्ही आपणहून गेलात, दार तुम्ही लावता, ताट तुम्ही वेगळं काढता. ती तुमच्याच शब्दाला मान देऊन उंबऱ्याशी थांबते, आणि तुम्ही त्याला बेपर्वाई म्हणता.

हरिपाठानं तुम्हाला त्या खोलीत जगवलं. आता तुम्ही त्याचीच कडी करून दाराला लावली आहे. देवाचं कारण असलं की कोणी वाजवत नाही, ही सोय तुम्हाला आवडायला लागली आहे. वाजवतो तो एकटा नातू. ज्ञानोबांनी लोकांच्या बोलण्यानं दुखावून ताटी लावून घेतली, तेव्हा बाहेर उभं राहून उघडा म्हणणारी मुक्ताई घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. चार वर्षांच्या पोराला ऑगस्टपासून आजीच्या मांडीवर बसायला मिळालेलं नाही. त्याला आतून आजीचा आवाज ऐकू येतो, तो थापा मारतो. सून त्याला आवरत नाही, ते मला तरी बरं वाटतं. थापा मारायला तीच पाठवत असेल, तर तिचं भलं होवो.

तेव्हा करायचं ते एकच. उद्या संध्याकाळी दिवा लागला की हरिपाठ सोप्यात म्हणायचा. मागच्या खोलीत नाही, दार लोटून नाही, मनातल्या मनातही नाही. सोप्यात, घोंगडं अंथरून, रस्त्यावरच्याला ऐकू जाईल असा. वीणा-मृदंग नसला तर नसू दे, टाळ आहे ना घरात? त्यातली एक जोडी नातवाला द्या. तो भलत्याच ठेक्यात वाजवील, अभंगाच्या मधेच पाणी मागील, पाचव्या अभंगाला उठून पळेल आणि पुन्हा येईल. त्याला रागवायचं नाही आणि आपला अभंगही थांबवायचा नाही. तुमची एकाग्रता मोडेल. मोडू द्या. एकट्यानं म्हणायचा हरिपाठ तुम्ही पुरेपूर म्हणून झालात.

पहिल्या दिवशी घशाशी काहीतरी अडकेल, आवाज चिरकेल. समोरून मंडळातली एखादी जाईल, थबकेल, काय बोलावं ते तिला सुचणार नाही. तिनं चुकून पाऊल आत टाकलं, तर तिला जागा करून द्या. मागचा हिशेब तिच्याशी करायचा असेल तर जरूर करा, माझी ना नाही, पण हरिपाठ संपल्यावर.

आणि आरती झाली की जेवायला सगळ्यांबरोबर बसा. मांडणीवरचं हाताला येईल ते ताट घ्या. तुमचं ते वेगळं ताट कुठलं, हे आठवड्याभरात तुम्हालाच सांगता येऊ नये, इतकं ते बाकीच्यांत मिसळू दे.

सुनेला काही समजावू नका. तिच्यापुढे औषधाचं, उपासनेचं, झालं-गेलं काहीच काढू नका. "ये, बस जरा हरिपाठाला," एवढं म्हणा. चूल सोडून ती आली नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणा.