साक्ष द्यावी की गप्प राहावे?

प्रश्न : वागळे इस्टेटमधील ज्या कारखान्यात माझे पती कामाला होते तो बंद पडला आणि त्यानंतर १४ महिने आमच्या घरात नियमित पगार आला नाही. गेल्या महिन्यात त्यांना महापे येथे नोकरी लागली. बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत मी याची साक्ष द्यावी, म्हणजे देवाने आम्हाला कसे सांभाळले ते सर्वांसमोर सांगावे, असे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सुचवले आहे. परंतु त्याच सभेला येणाऱ्या एका भगिनीचा मुलगा दोन वर्षांपासून काम शोधत आहे. माझ्या साक्षीने तिला उभारी येईल की तिचे दुःख वाढेल? मी बोलावे की गप्प राहावे?
— एक भगिनी, कळवा

उत्तर : आपणास ख्रिस्ती सलाम. आपण जरूर बोलावे. मात्र त्या भगिनीविषयीची जी कळकळ आपल्या पत्रात दिसते, ती बोलतानाही सोडू नये.

बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १२वा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब या येशूच्या शिष्याला तरवारीने मारले आणि त्यानंतर दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकले; पेत्र मात्र सुटला आणि त्याच रात्री, योहान मार्काची आई मरीया हिच्या घरी पुष्कळ जण प्रार्थना करत होते, तेथे येऊन त्याने दार ठोठावले. त्या घरात याकोबासाठी रडणारे कोणीच नव्हते, असे मला वाटत नाही. तरीही प्रभूने आपल्याला कसे बाहेर काढले हे पेत्राने त्यांना सांगितले. पेत्राचा विश्वास याकोबापेक्षा मोठा होता म्हणून तो वाचला, असे मात्र त्या अध्यायात एका शब्दानेही म्हटलेले नाही. आपल्या सभांतून नेमक्या याच अर्थाचे वाक्य सर्रास ऐकू येते, याचे मला फार वाईट वाटते. ‘आम्ही विश्वास ठेवला, म्हणून आम्हाला मिळाले’ असे म्हटले, की ज्याला मिळाले नाही त्याच्या विश्वासावर आपोआपच ठपका येतो.

नव्या करारातच, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी प्रेषित पौल म्हणतो, की देव आपल्या संकटांत आपले सांत्वन करतो, ते अशासाठी की त्याच सांत्वनाने आपल्याला इतरांचे सांत्वन करता यावे. लगेच पुढे, आशिया प्रांतात आपण जगण्याचीही आशा सोडली होती, हेही तो लपवून ठेवत नाही. म्हणून आपली साक्ष नोकरीच्या दिवसापासून सुरू करू नये. त्या १४ महिन्यांविषयी बोलावे : प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते ते दिवस, न सांगता कोणी मदत केली असेल तर ती, पतीशी झालेले रुसवेफुगवे आणि त्या काळात देवाने धरून ठेवल्याचा आलेला अनुभव. त्या भगिनीला आज यातलेच काही आपल्या घरी नेता येईल. पगाराचा आकडा तिच्या काय कामाचा?

आणखी एक विनंती. बुधवारच्या आधी तिच्या घरी जाऊन यावे आणि आपण साक्ष देणार आहोत हे तिला आधी सांगावे, म्हणजे सर्वांसमोर ते अचानक तिच्या कानी पडणार नाही. ती रडली तर बायबलमधील वचने सांगण्याची घाई करू नये, नुसते जवळ बसावे. महापे परिसरात कोठे जागा निघाली असेल तर आपल्या पतींनी चौकशी करावी आणि तिची हरकत नसेल, तर सभेत प्रार्थनेसाठी विनंत्या मागितल्या जातील तेव्हा तिच्या मुलाचे नाव आपणच प्रथम घ्यावे.