सुमार, सुमारे आणि एक हरवलेला बूट

प्रश्न असा आला आहे: "दहा वर्षांच्या भाचीसाठी आणलेली सुमारे २१७ पानांची रहस्यकथा मीच आधी वाचली. परीकथेतल्या राजवाड्यातून काचेचा बूट चोरीला जातो आणि सगळ्यांचा संशय चेटकिणीवर. वाईट नाही, पण खास असंही काही नाही. मी 'सुमार आहे' म्हटलं तर भाची फुरंगटली. माझा शब्द चुकला का?"

चुकला. आज 'सुमार' म्हणजे टाकाऊच्या जेमतेम एक पायरी वर. तुम्हाला म्हणायचं होतं 'बेताचं' किंवा 'ठीकठाक'. भाचीला सॉरी म्हणून टाका.

पण आधी ते 'सुमारे २१७' खोडा! शेवटचं पान उलटून आकडा बघितलात ना, मग सुमारे कसलं? 'सुमारे दोनशे' म्हणा, नाहीतर नुसतं २१७. बातम्यांत 'सुमारे ४३ जण' ऐकून ऐकून कान किटलेत.

फारसीत 'शुमार' म्हणजे मोजणी. जनगणनेला आपल्याकडे जुना शब्द होता खानेसुमारी, म्हणजे घरं मोजणं. मोजता येत नाही ते बेसुमार. नेमकं मोजायचा कंटाळा आला की सुमारे. यात निंदा कुठेच नाही. मग 'हलकं' हा अर्थ आला कुठून? माझं म्हणणं, 'बेत' गेला त्याच वाटेने. बेत म्हणजे आखणी, अंदाज. पण 'घरची परिस्थिती बेताची' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. जे अंदाजात मावतं ते थोडं, आणि थोडं ते हलकं. हे कोशात शोधू नका, माझं आहे.

एका व्यासंगी गृहस्थांनी मात्र मला ऐकवलं होतं, सु अधिक मार, 'चांगला मार खाण्याच्या लायकीचा'. उद्या 'सुतार' म्हणजे चांगली तार म्हणतील. संस्कृतशी नातं जोडायची एवढी हौस असेल तर खरं नातं आहे की! 'शुमार'च्या मुळाशी जो इराणी धातू आहे तो आपल्या 'स्मृ'चा सख्खा भाऊ. तिकडे त्याला आठवण्याबरोबर मोजण्याचाही अर्थ चिकटला. मला यात नवल वाटत नाही. गुराखी संध्याकाळी गुरं मोजतो म्हणजे काय करतो? कपिली आली, ढवळी आली, बांडी कुठंय? एकेक आठवतच मोजतो. तेव्हा सुमार आणि स्मरण ही चुलत भावंडं. एक इराणातून फिरून आलं, एक घरीच राहिलं.

हां, पुस्तक. बूट कुणी चोरला ते तुम्ही लिहिलंच नाहीत. आठवतंय ना?