कोरडी हवा आणि ऑर्किड: तुमचे प्रश्न

प्रश्न: खोलीत एसी दिवसभर चालू असतो. फॅलेनोप्सिस ऑर्किडची पानं मऊ पडून सुरकुतलीत. रोज पाणी घालतोय तरी फरक नाही.

उत्तर: आधी ते रोजचं पाणी थांबवा आणि झाड कुंडीतून काढून मुळं बघा. पान सुरकुतलं म्हणजे झाड तहानलंय हे बरोबर, पण जास्त पाण्याने मुळंच सडली असतील तर कुंडीत कितीही ओल असू दे, ती प्यायला मुळं आहेतच कुठे? दाबून बघा, टणक लागलं तर चांगलं, पिचपिचीत तपकिरी असेल ते स्वच्छ कात्रीने कापा आणि झाड नवीन बार्कमध्ये (झाडाच्या सालीच्या तुकड्यांत) लावा. हवा कोरडी असणं वेगळं आणि कुंडी कोरडी असणं वेगळं, या घोळात किती ऑर्किड गेलीत काय सांगू. मुळांवर स्पंजसारखं आवरण असतं, ते सुकलं की चंदेरी दिसतं, भिजलं की हिरवं. पारदर्शक कुंडी घ्या म्हणजे हे बाहेरूनच कळतं. मुळं चंदेरी झाली की १०-१५ मिनिटं कुंडी पाण्यात बुडवायची, मग पूर्ण निथळू द्यायची, बस. वार ठरवून पाणी घालू नका.

प्रश्न: फॅलेनोप्सिसवर दिवसातून चारदा पाण्याचा स्प्रे मारते, तरी कळ्या पिवळ्या पडून गळतात!

उत्तर: स्प्रेचा ओलावा थोड्याच वेळात उडून जातो हो, आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं तर शेंडा कुजतो तो वेगळाच. साचलं तर टिश्यूने टिपून घ्या. कळ्यांना साधारण ५०-७०% आर्द्रता लागते, म्हणून हवेतली आर्द्रता मोजणारा एक स्वस्तातला हायग्रोमीटर ठेवा, उगाच अंदाज नको. कमी दाखवत असेल तर ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावा, आणि तो रात्री नक्की चालू ठेवा, कारण फॅलेनोप्सिस पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं. खडे आणि पाण्याचा ट्रे ठेवा हवं तर, पण त्याने फार काही होत नाही, आणि कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. एसीचा झोत थेट येतोय का? शेजारी फळांची टोपली आहे का? पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्यानेसुद्धा कळ्या गळतात.

प्रश्न: कुंडीबाहेर लोंबणारी मुळं कापू का?

उत्तर: नका. ऑर्किडचं ते नॉर्मल आहे. कोंबून आतही घालू नका, तुटतात.

प्रश्न: ऑन्सिडियम ऑर्किडची नवीन पानं चुण्या पडल्यासारखी येतायत, आणि पानांखाली बारीक जाळी दिसते.

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत या. चुण्या पडतात कारण पान वाढत असताना पाणी कमी पडलं, त्या आता जात नाहीत, पुढची पानं सांभाळा. जाळी बहुतेक लाल कोळी या बारीक किडीची असेल, कोरड्या हवेत ती फार फोफावते. पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसा, चार-पाच दिवसांनी परत पुसा, कारण अंडी राहिलेली असतात, आणि तोवर ते झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा.