शेअरचा जुना भाव विसर

अमळनेर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. अमेरिकन एअरलाइन्सचा शेअर करोनाआधी तीस डॉलरच्या घरात होता, आता त्याच्या साधारण निम्म्यावर मिळतो, विमानं तर पुन्हा भरून जाऊ लागली आहेत, मग हा शेअर स्वस्तच नाही का, असं तुझं म्हणणं. आणि शेवटी लिहिलंस की अमळनेरच्या लोकांनी विप्रो धरून ठेवला म्हणून त्यांचं सोनं झालं, आपणही हा शेअर असाच धरून ठेवू. फोनवर बोललो असतो तर घाईत काहीतरी राहून गेलं असतं. तुझ्या पहिल्या पगारातली बचत यात जायची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. भाव निम्मा झाला म्हणून शेअर स्वस्त झाला, हे गणितच चुकीचं आहे. २०२१च्या जूनमध्ये हाच शेअर पंचवीस डॉलरवर होता. करोनाआधीच्या भावापेक्षा ते कमीच, तरीही माझ्या हिशेबानं तेव्हा तो करोनाआधीपेक्षा महाग होता. कसा ते बघ.

२०१९ संपताना या कंपनीचे सुमारे ४३ कोटी शेअर होते आणि भाव होता २८ डॉलरच्या थोडा वर. गुणाकार केलास तर बाजार अख्ख्या कंपनीच्या भागभांडवलाची किंमत १,२०० कोटी डॉलरच्या आसपास करत होता. मग करोना आला. विमानं उभी राहिली, पण वैमानिकांचे पगार, विमानांचे हप्ते, विमानतळांची भाडी यातलं काही थांबलं नाही. एकदा उड्डाण झालं की रिकामी गेलेली जागा पुन्हा विकता येत नाही, त्यामुळे बुडालेला धंदा पुढच्या महिन्यात भरून काढायची सोय या व्यवसायात नाही. २०२० या एका वर्षात कंपनीला सुमारे ८९० कोटी डॉलरचा तोटा झाला. जगायचं तर पैसा हवा. पगारासाठी अमेरिकी सरकारनं मदत दिली. मार्च २०२१मध्ये नियमित प्रवाशांना प्रवासाबद्दल गुण देणारी आपली योजना तारण ठेवून कंपनीनं १,००० कोटी डॉलर उचलले. आणि नवे शेअर विकले. जानेवारी २०२१च्या शेवटी छोट्या गुंतवणूकदारांनी एकमेकांना चेव देत भाव उसळवला, तेव्हा कंपनीनं लगोलग ११० कोटी डॉलरपर्यंतचे नवे शेअर बाजारात विकायला काढले. यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बुडायला आलेल्या कंपनीनं हेच करायला हवं. पण त्या उसळीत ज्यांनी चढ्या भावानं घेतलं, त्यांना हे दिसलं होतं का, याची मला शंका आहे.

२०२१च्या मध्यावर शेअरची संख्या ६४ कोटींच्या पुढे गेली होती. आता पंचवीस डॉलरनं गुण. १,६०० कोटी डॉलर होतात. म्हणजे वर्षभरात ८९० कोटी गमावलेल्या, डोक्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कर्ज असलेल्या कंपनीसाठी बाजार करोनाआधीपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त मोजत होता. आलेखावर मात्र भाव अजून खालीच दिसत होता, आणि लोक म्हणत होते, अजून पाच डॉलर बाकी आहेत, जुन्या भावाला परत जाईलच.

आता विप्रोचं. हा आपल्या गावचा विषय आहे, त्यामुळे इथं जरा थांबतो. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि गावातल्या माणसांनी त्याचे शेअर घेतले. पुढे अझीम प्रेमजींच्या हाती कंपनी आली, तूप-साबणाचा धंदा संगणकापर्यंत पोचला, आणि ज्यांनी कागद जपून ठेवले त्यांची घरं उभी राहिली. हे सगळं खरं आहे. पण त्या कागदांचं नेमकं काय झालं ते गावात फारसं कुणी सांगत नाही. विप्रोनं वेळोवेळी बोनस शेअर दिले. अगदी अलीकडे २०१७मध्ये एकास एक, २०१९मध्ये तिनास एक, २०२४मध्ये पुन्हा एकास एक. बोनसमध्ये प्रत्येक भागधारकाला त्याच्या प्रमाणात शेअर मिळतात. एकूण संख्या दुप्पट झाली तर तुझीही दुप्पट होते, कंपनीतला तुझा वाटा तेवढाच राहतो. खिशातून एक पैसा जात नाही, आणि मागे कंपनी नफा कमावत असते.

अमेरिकन एअरलाइन्सचेही शेअर वाढले, पण ते नव्या माणसांना विकून. जुन्या भागधारकाचे शेअर होते तेवढेच राहिले आणि कंपनीतला त्याचा वाटा आक्रसला. तू २०१९मध्ये त्यातला लाखावा हिस्सा घेतला असतास, तर २०२१मध्ये तुझ्याकडे त्याच्या दोन-तृतीयांशच उरला असता, एकही शेअर न विकता. म्हणून 'धरून ठेवू' म्हणताना मी तुला विचारतो, काय धरून ठेवणार आहेस? अमळनेरच्या लोकांनी वाढत्या कंपनीतला कायम राहिलेला वाटा धरून ठेवला होता.

कर्जाचा भाग याहून जड आहे. बँकेत कर्जाची प्रकरणं बघताना मी शेताचा बाजारभाव नंतर आणि सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना आधी बघायचो. दोन शेजारची शेतं, माती तीच, विहीर तीच, पण एकावर सोसायटीचा आणि बँकेचा मिळून मोठा बोजा चढलेला असेल, तर त्याचं पीक आधी बोजा फेडायला जातं. कंपनीचंही तसंच आहे. २०१९मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं सुमारे ११० कोटी डॉलर व्याज भरलं होतं. २०२३मध्ये व्याज सुमारे २१५ कोटी झालं. त्या वर्षी प्रत्यक्ष विमानं उडवून झालेला नफा होता ३०० कोटी डॉलरच्या आसपास. व्याज वगैरे जाऊन भागधारकांसाठी उरले ८२ कोटी.

आता हे ८२ कोटी वाढलेल्या शेअरमध्ये वाट. प्रत्येक शेअरमागे सव्वा डॉलरच्या आसपास पडतात. २०१९मध्ये हाच आकडा पावणेचार डॉलरच्या वर होता. २०२४मध्येही तो सव्वाच्याच जवळ राहिला. भाव निम्म्यावर आला हे तुला दिसलं, पण प्रत्येक शेअरमागची कमाई २०२४पर्यंत एक-तृतीयांशावर आली होती. एक डॉलर नफ्यासाठी तू करोनाआधीच्या गिऱ्हाइकापेक्षा जास्तच पैसे मोजणार आहेस. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे, आणि यासाठी आलेख उघडायचीही गरज पडत नाही.

दुसरी बाजूही मांडतो, कारण ती खोटी नाही. २०२१च्या मध्यावर कर्जानं टोक गाठलं होतं. तिथून २०२४ अखेरपर्यंत कंपनीनं १,५०० कोटी डॉलरहून जास्त कमी केलं. ते असंच उतरत गेलं तर व्याजात जाणारा पैसा भागधारकाकडे वळेल. हा शेअर घ्यायचाच असेल तर त्याला हे एकच सबळ कारण मला दिसतं. 'पूर्वी तीसला होता' हे कारण होऊच शकत नाही.

विमानं भरून जातात, हा तुझा मुद्दा जळगावच्या विमानतळावर तपासून बघ. छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेत २०१७ अखेर एअर डेक्कननं मुंबई-जळगाव सेवा सुरू केली, ती बंद पडली. २०१९मध्ये ट्रूजेट आली, तिचीही विमानं थांबली. प्रवासी नव्हते असं नाही, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना मुंबई रोजच लागते. प्रवासी असणं आणि कंपनीच्या हाती पैसा उरणं यांच्यामध्ये इंधन, भाडं, व्याज आणि डॉलरचा दर एवढं सगळं उभं असतं.

यावरून सगळ्याच विमान कंपन्या टाकाऊ असा अर्थ मात्र काढू नकोस. आपल्याकडची इंडिगो बघ. २०२०-२१मध्ये तिला ५,८०० कोटी रुपयांचा तोटा झाला, पुढच्या वर्षी ६,१०० कोटींहून जास्त. नेटवर्थ उणे झालं, म्हणजे देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली. तरी २०२१च्या दिवाळीत शेअर दोन हजारांच्या वर होता, करोनाआधीच्या भावापेक्षा चांगलाच चढा. हा तर उघड महाग, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, आणि फक्त नफ्याकडे बघितलं तर ते बरोबरच होतं, कारण नफा नव्हताच. पण इंडिगोनं नवे शेअर विकायची परवानगी घेऊनही विकले नाहीत. ३८ कोटींच्या वर शेअर होते, तेवढेच राहिले. देशातले निम्म्याहून जास्त प्रवासी तिच्याच विमानांत बसत होते. मे २०२३मध्ये गो फर्स्टनं दिवाळखोरीचा अर्ज केला, एक स्पर्धक कमी झाला. २०२३-२४मध्ये इंडिगोनं ८,१७२ कोटी रुपये नफा कमावला. जुन्या भागधारकाचा वाटा शाबूत होता, म्हणून तो नफा त्याच्या वाट्याला पुरा आला. म्हणजे त्या काळात आलेखावर उतरलेला दिसणारा शेअर महाग होता, आणि चढलेला दिसणारा तेवढा महाग नव्हता.

जेट एअरवेजचंही ध्यानात ठेव. एप्रिल २०१९मध्ये तिची विमानं थांबली, शेअरचे व्यवहार मात्र चालूच होते. कंपनी पुन्हा उडणार या आशेवर करोनाच्या काळात तो कित्येक पटींनी वाढला. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवून ती बंद करण्याचा आदेश दिला. अवसायनात बँका, कामगार, सरकार, पुरवठादार या सगळ्यांचं देणं भागल्यावर रांगेत शेवटी भागधारक असतो. तिथपर्यंत सहसा काही पोचत नाही.

अमेरिकेतले नामांकित गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी एप्रिल २०२०मध्ये चारही मोठ्या अमेरिकी विमान कंपन्यांतले आपले शेअर विकून टाकले. पुढे भाव चढले तेव्हा म्हातारा चुकला म्हणून बोलणारे खूप निघाले. बफेंच्या मागे जाऊन विकू नकोस, तसंच त्यांना हसणाऱ्यांमागे जाऊन घेऊही नकोस. त्यांचा हिशेब त्यांच्या पैशाचा होता, तुझ्या पैशाचा हिशेब तुलाच करावा लागेल.

म्हणून आता एवढं कर. कंपनीचा २०१९चा आणि ताजा वार्षिक अहवाल, दोन्ही तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ते उतरवून घे. दोन्हींतून चारच आकडे वहीत शेजारी शेजारी लिही: एकूण शेअर, एकूण कर्ज आणि भाडेपट्ट्याचं देणं, वर्षाचं व्याज, प्रत्येक शेअरमागचा नफा. कर्जाचे मोठे हप्ते कोणत्या वर्षी येतात तेही बघ, ते टिपांमध्ये असतं. हे लिहून झाल्यावर मगच आजचा भाव बघ. एवढं करूनही घ्यावासा वाटला तर बचतीचा लहानसा भाग लाव, आणि लहान म्हणजे तो सगळा गेला तरी घरच्यांना सांगताना तुझी मान खाली जाणार नाही एवढाच.

परवा बाजारात तुझे वडील भेटले. 'आबा, पोऱ्या काय करी ऱ्हायना?' म्हणून विचारत होते. कापसाच्या पैशातून काही तुला पाठवायचं त्यांच्या मनात आहे. ते पैसे यात घालू नकोस, हे मात्र मी सल्ला म्हणून नाही, हक्कानं सांगतो. त्यांना पुढच्या हंगामाचं बियाणं आणि खत आहे, आणि विहिरीचं काम अर्धं राहिलंय.

वहीतल्या पानाचा फोटो पाठव. आकडे चुकले असतील तर मी सांगीन, बरोबर असतील तर पुढचं बोलू.

तुझा,
आबा