जुना पॉप-अप कॅम्पर घेताना: वाचकांचे प्रश्न

पिकअपच्या हौद्यात बसणारा, मुक्कामी छत वर उचलून कापडी भिंती ताणायचा कॅम्पर (म्हणजे छोटं फिरतं घर) जुना घेण्याबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतल्या पाचांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : पंधरा वर्षांचा कॅम्पर बघायला जाणार आहोत. विकणारे म्हणतात, एकदाही गळलेला नाही. आम्हाला यातलं फारसं कळत नाही. तासाभरात काय तपासावं?

तो तास सगळा पाण्याच्या मागावर घालवा. फ्रिज, शेगडी, दिवे बदलता येतात. सांगाडा कुजला असेल तर कॅम्पर खोलून नव्याने बांधावा लागतो. विकणारे खोटं बोलत असतील असं नाही. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर दिसायला कित्येक वर्षं जातात.

दार उघडताच आधी वास घ्या. कुबट वास आला, किंवा उलट सुगंधी फवाऱ्याचा घमघमाट आला, तर जास्त सावध व्हा. मग केबिनवर पुढे आलेल्या भागातली गादी पूर्ण उचला. प्रवासात पावसाचा सगळा मारा या पुढच्या कडेवर बसतो, म्हणून कुजायला बहुधा इथूनच सुरुवात होते. प्लायवूडवर चहाच्या कपाखाली उमटतात तशी तपकिरी वलयं दिसली, तर पाणी तिथे येऊन वाळलेलं आहे आणि असं एकापेक्षा जास्त वेळा झालेलं आहे. दर वीतभर अंतरावर अंगठ्याने जोरात दाबा. चांगलं प्लायवूड दबत नाही. मऊ लागलं तर मालकांना विचारून दाभण टोचून बघा. लोण्यात शिरावं तसं आत गेलं तर तो तुकडा संपलेला आहे.

ओल मोजायचं दोन टोकांचं यंत्र स्वस्तात मिळतं, ते बरोबर न्या. लाकडात १५ टक्क्यांपर्यंत ओल असेल तर काळजी नाही. २० टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला पोसण्याइतकं पाणी आत आहे. मात्र धातूच्या पट्टीजवळ यंत्र खोटा आकडा दाखवतं, म्हणून शेजारच्या दोन-तीन जागी पुन्हा टोचा.

यानंतर चारही कोपऱ्यांतले जॅक बघा. पिकअपवरून उतरवताना कॅम्परचा सगळा भार त्यांच्या बोल्टवर येतो. बोल्टभोवतीचा पत्रा आत दबलाय किंवा बाहेर फुगलाय का? तळाला बांधणीचे हुक असतात, तिथलं प्लायवूड वर ओढलं जाऊन फाटलंय का? सांगाडा अॅल्युमिनियमचा असला तरी हे चुकत नाही, कारण अॅल्युमिनियम कुजत नसलं तरी त्यावर बसवलेलं प्लायवूड कुजतं. शिवाय लोखंडी स्क्रू आणि अॅल्युमिनियम यांच्या सांध्यात ओल राहिली की पांढरी भुकटी धरते, आणि तिथला धातू खाल्ला जातो.

शेवटी शिडी लावून छतावर नजर टाका. झरोक्यांभोवती ताजं, चकचकीत सिलिकॉन थापलेलं दिसलं तर ती दुरुस्ती नव्हे, गळती झाकलेली आहे. सिलिकॉनच्या जुन्या थरावर पुढे कोणतंच सीलंट नीट धरत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. योग्य काम असं असतं : झरोक्याच्या पट्टीखाली ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) आणि वरून आपोआप पसरणारं छताचं सीलंट. मालकांची परवानगी असेल तर पाण्याची नळी घेऊन १५-२० मिनिटं फवारा मारा. खालून सुरुवात करून हळूहळू वर जा. आधीच वरून पाणी सोडलं तर ते कुठून आत शिरलं हे कळत नाही.

प्रश्न : कॅम्परचं कोरडं वजन ४३० किलो लिहिलंय आणि आमच्या पिकअपची क्षमता ६२० किलो आहे. म्हणजे १९० किलो शिल्लक, बरोबर ना?

नाही, इथेच बहुतेकांची फसगत होते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत जो आकडा असतो, त्यात माणसंही धरायची असतात. दोन माणसांचे १४० किलो धरा. ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो. ९ किलो गॅसची टाकी भरल्यावर सुमारे १७ किलो होते. १०० अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी २८ किलोच्या आसपास. कपडे, भांडी, शिधा, खुर्च्या, अवजारं मिळून सहज १०० किलो. बेरीज केली तर ७९० किलो होतात, म्हणजे मर्यादेच्या १७० किलो वर. कोरड्या वजनात बरेचदा जॅक, छज्जा, फ्रिज धरलेलेही नसतात.

शंका असेल तर वजनकाट्यावर जाऊन मागच्या आसाचं वजन वेगळं घ्या, आणि टायरवर लिहिलेल्या भारक्षमतेशी ताडून बघा. जाड स्प्रिंगा किंवा एअरबॅग बसवल्याने गाडी मागे बसत नाही, पण क्षमता वाढत नाही. ब्रेक आणि आस तेच राहतात. आणखी एक गोष्ट बघा : कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असेल तर ती मागच्या आसाच्या पुढे पडली पाहिजे. मागे पडली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं.

प्रश्न : कापडी भिंतीवर बारीक भोकं आहेत. कापड बदलावं लागेल का?

भोकं किती आणि कुठे, त्यावर आहे. भर उन्हात आत जा, दार-पडदे बंद करा. घडी रोज जिथे पडते त्या रेषेवर उजेडाचे ठिपके दिसतील. पाच-दहा ठिपके असतील तर शिवणीचं सीलंट किंवा विनाइलचं ठिगळ पुरतं. कापड हाताला चिकट लागतंय, लेपाचे पोपडे निघताहेत किंवा दुमडल्यावर तडा जातोय, तर मात्र बदलायचं धरूनच भाव करा. वरची-खालची अॅल्युमिनियमची पट्टी आणि शेकडो पिना काढून करायचं ते काम आहे, आणि त्या कॅम्परच्या मापाचंच शिवलेलं कापड लागतं.

बुरशीचे काळे डाग सौम्य साबण आणि मऊ ब्रशने जमतील तेवढे काढा. ब्लीच वापरू नका, त्याने शिवणीचा दोरा कमजोर होतो. पावसात ओला बंद करावा लागलाच, तर घरी पोचताच उघडून पूर्ण वाळवा.

प्रश्न : छत उचलताना फार जड जातं. यंत्रणा खराब झाली का?

आधी छतावर नंतर काय काय चढवलंय ते विचारा. १०० वॅटचा एक सौर पॅनेल ६ ते ९ किलोचा असतो, आणि ते सगळं तुम्ही खांद्याने उचलत असता. गॅस स्ट्रटच्या (छत उचलायला जोर देणाऱ्या, दाबाखाली वायू भरलेल्या नळीच्या) दांड्यावर तेल दिसलं तर त्याचा दाब गेलाय. बदलताना जोडीनेच बदला, आणि नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा जुळवा. विकत घेण्याआधी छत स्वतः दोन-तीनदा वर-खाली करा. छत उचलून धरणाऱ्या आतल्या फळ्यांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले असतील तर तेव्हाच कळतं. उचलण्याआधी सगळ्या खिट्या सोडल्या आहेत ना, हे बाहेरून फेरी मारून बघा. एक खिटी अडकलेली राहिली की छताची कड वाकते. खाली घेताना एक झरोका उघडा ठेवा. नाहीतर आतली हवा कापडाला बाहेर फुगवते आणि ते छताखाली चिमटतं.

प्रश्न : गॅस आणि फ्रिज कसे पारखावेत?

गॅसच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की गळती. शेगडीची ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर बर्नर किंवा त्याची हवेची वाट तुंबलेली असते, बरेचदा कोळ्याच्या जाळ्याने. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवरची तारीख वाचा, मुदत संपली असेल तर ते नवेच घ्या. बटण दाबल्यावर आवाज आला म्हणून आतला सेन्सर जिवंत आहे असं होत नाही.

गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असेल, तर तुम्ही जाण्याच्या आदल्या रात्रीच तो चालू करून ठेवायला सांगा. त्याला थंड व्हायला तास लागतात, आणि तुमच्यासमोर लावलेल्या फ्रिजवरून काहीच कळणार नाही. आत अमोनियाचा उग्र वास किंवा मागे पिवळी भुकटी दिसली तर शीतक युनिट फुटलंय. भुकटीला हात लावू नका, ती विषारी असते, आणि फ्रिजचे पैसे किमतीतून पूर्ण वजा करा. पाण्याचा पंप तपासणं सोपं आहे : सगळे नळ बंद करून पंप लावा. दाब भरला की तो थांबला पाहिजे. कोणी नळ न उघडता पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर कुठेतरी पाणी झिरपतंय. गोठणाऱ्या थंडीत पाणी न काढता ठेवलेल्या कॅम्परमध्ये तडकलेला सांधा हे त्याचं नेहमीचं कारण.