गेमिंगच्या पीसीत आधी ग्राफिक्स कार्ड बदलायचं की प्रोसेसर?
गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघ. जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही, पैसे कार्डातच घाल. १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरला रायझन ५ ५६०० सारखा सहा कोरचा प्रोसेसर बहुतेक खेळांत पुरतो. व्हॅलोरंट या गेमचं गणित उलटं: तिथे साधं कार्डही धावतं, प्रोसेसरच आधी दमतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाशील तेव्हा दोन-तीन दुकानांत भाव विचार, पहिल्याच ठिकाणी भुलू नकोस. कार्ड शक्यतो ८ जीबी मेमरीच्या खालचं नको. इंटेलचा ‘एफ’वाला प्रोसेसर स्वस्त पडतो खरा, पण त्यात ग्राफिक्स नसतं, कार्ड नंतर घेणार असशील तर तोवर स्क्रीन काळीच. आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) बिननावाचा अजिबात घेऊ नकोस, बाबा!