आधी थांबायला शिका

प्रश्न : आम्ही बोरिवलीचे चौघे, मुलं नऊ आणि तेरा वर्षांची. फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायचंय. गोंडोलानं, म्हणजे तिथल्या केबल कारनं, थेट वर जावं का?

उत्तर : अजिबात नको, ताई! गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या वर नेतो. तिथला उतार नवख्यांचा नव्हे. खालच्या सौम्य उतारावरच प्रशिक्षक घ्या. पायांतल्या स्की-पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवली की वेग कमी होतो. हे जमेपर्यंत बाकी काही शिकू नका. बूट घट्ट हवेत, आत एकच लांब मोजा. जीन्स भिजते, नकोच. हेल्मेट चौघांनाही, नवरोबा कुरकुरतील, कुरकुरू द्यात. पहिल्या दिवशी अर्धाच दिवस शिका, मांड्या भरून येतात.